पिवळा गिळणारं मीठ

खिडकीपाशी धरलं की जांभळट-गुलाबी. टेबलावरच्या सीएफएलच्या उजेडाखाली आणलं की जांभळेपणा पार ओसरलेला आणि त्या जागी फिकट, हिरवट झाक. परत खिडकीपाशी, परत जांभळट. हातातली कुपी तीच, आतले खडे तेच, झाकण उघडलेलंसुद्धा नाही. मी खिडकी ते टेबल, टेबल ते खिडकी अशा येरझाऱ्या घालत राहिले. माझी मैत्रीण कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. ती मुलांच्या जर्नलांवर सह्या करता करता म्हणाली, "अगं, अजून तर तू काहीच पाहिलं नाहीस."

कुपीवर लिहिलं होतं निओडिमियम क्लोराइड, हेक्साहायड्रेट. हे नाव मी तोवर कधी उच्चारलंही नव्हतं. त्या दुपारपासून मी भेटेल त्याला तेच सांगत सुटले आहे, आणि आता तुम्हालाही सांगणार आहे, कारण इतकी सुंदर गोष्ट जगात आहे आणि ती कोणी आपल्याला शाळेत दाखवत नाही, हे मला सहनच होत नाही.

उजेड बदलला की रंग बदलतो हे आपल्याला माहीत नसतं असं नाही. साडी घेताना दुकानदारच म्हणतो, "बाहेर उन्हात नेऊन बघा ताई." पण साडीचा रंग थोडा इकडे किंवा तिकडे सरकतो; राणी रंग जरा मरून वाटतो, मोरपंखी जरा निळा. इथे रंगाचं कूळच बदलत होतं. जांभळ्या-गुलाबीचा हिरवट! एका पावलाच्या अंतरात! आणि नुसता चमत्कार म्हणून सोडून द्यावा असं ते नव्हतंच. त्याच्या मागे इतकं नेमकं, इतकं काटेकोर काहीतरी होतं की ते कळल्यावर मला चमत्कारापेक्षा जास्त आनंद झाला.

आधी या मिठाची ओळख. आवर्तसारणीच्या मुख्य चौकटीखाली दोन ओळी वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात ना, त्यांतली वरची ओळ विरल मृदा धातूंची. निओडिमियम तिथे ६० व्या क्रमांकावर बसलेलं. विरल म्हणतात, पण पृथ्वीच्या कवचात ते शिशापेक्षा जास्त आहे. विरळ आहे ते त्याचं एकटं सापडणं. ही सगळी भावंडं रासायनिक वागण्यात इतकी सारखी की खनिजात एकमेकांना सोडतच नाहीत. निओडिमियमच्या एका अणूला क्लोरिनच्या तीन अणूंची जोड मिळाली की तयार होतं हे क्लोराइड. कुपीतल्या खड्यांत पाणीही असतं, तेही ठरलेल्या रचनेत: प्रत्येक निओडिमियमभोवती पाण्याचे सहा रेणू आणि दोन क्लोराइड, तिसरा क्लोराइड त्या घोळक्याबाहेर, जरा लांब. पाण्यात विरघळवलं की जवळचे दोन क्लोराइडही सुटतात आणि पाण्याचे नऊ रेणू येऊन आयनाला वेढतात. एका चिमूटभर मिठात इतकी शिस्त!

मैत्रिणीने ते माझ्यासमोर तयार करून दाखवलं. निओडिमियम ऑक्साइडची भुकटी अगदीच साधी दिसते, फिकट राखाडी-निळसर. ती बीकरमध्ये घेऊन वर हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं आणि बीकर हॉटप्लेटवर ठेवला. भुकटी हळूहळू नाहीशी होत गेली, आणि गढूळ द्रावण निवळत गेलं तसतसा तो रंग वर आला. पारदर्शक, फिकट, स्वच्छ जांभळट-गुलाबी. गुलबक्षीच्या फुलाइतका भडक नाही, त्याच्या कितीतरी पावलं मागे थांबलेला. बीकर डोळ्यांसमोर आडवा धरला तर रंग बेताचाच. वरून खाली, द्रावणाच्या सगळ्या उंचीतून पाहिलं तर दाट. हे मीठ पाण्यात विरघळतंही किती! पाण्याशिवायचं, कोरडं क्लोराइड मोजलं तर १३ अंश सेल्सिअसला एक लिटर पाणी जवळजवळ किलोभर मीठ पोटात घेतं.

आता ज्या गोष्टीने मी खरोखर थक्क झाले ती. शाळेत मोरचूद तापवलेला सगळ्यांना आठवत असेल. निळे खडे परीक्षानळीत तापवले की पाणी निघून जातं आणि उरते पांढरी भुकटी. पाण्याचा थेंब टाकला की परत निळी. अमोनिया घातला तर गडद निळी, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं तर हिरवी. तांब्याचा रंग असा शेजाऱ्यांवर अवलंबून. मी साहजिकच विचारलं, हे खडे तापवले तर? तीही पांढरीच भुकटी होणार ना?

"नाही होणार," ती म्हणाली. पाणी काढून टाकलेलं निओडिमियम क्लोराइडही जांभळटच असतं. पाणी गेलं, शेजारी बदलले, स्फटिकाची सगळी बांधणी बदलली (आता प्रत्येक निओडिमियमभोवती नऊ क्लोराइड), आणि तरीही रंग जवळपास तोच! पाण्यात विरघळवा, अल्कोहोलमध्ये विरघळवा, काचेत वितळवा, रंगाचं मूळ सुटत नाही.

ते पाणी काढणं मात्र नाजूक काम आहे. खडे नुसते तापवले तर आतलंच पाणी क्लोराइडवर उलटतं, हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघून जाते आणि मागे उरतो ऑक्सिक्लोराइड, म्हणजे वेगळाच पदार्थ. म्हणून त्यात नवसागर मिसळून तापवतात. हो, तोच नवसागर जो कल्हईवाले भांड्याला कथील चढवताना वापरत! नवसागर तापला की त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो क्लोराइडची बाजू राखतो, आणि शेवटी उरलेला नवसागर स्वतः वाफ होऊन निघून जातो. मागे शुद्ध, कोरडं क्लोराइड, ज्याला वितळायला ७५८ अंश लागतात. आणि ते हवेतलं पाणी असं ओढून घेतं की आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडं ठेवायची सोयच नाही.

मग आम्ही द्रावणाची चौकोनी काचपात्रं घेऊन भौतिकशास्त्राच्या डार्करूममध्ये गेलो. ज्यांनी बी.एस्सी. केलं आहे त्यांना ती खोली आठवेल: काळे पडदे, लाकडी टेबलं, स्पेक्ट्रोमीटर, ग्रेटिंग, आणि पेटायला वेळ घेणारे दिवे. प्रयोगशाळेतल्या मामांनी मर्क्युरी लॅम्प आधीच लावून ठेवला होता. पाऱ्याच्या दिव्याचा उजेड डोळ्यांना निळसर-पांढरा वाटतो, पण ग्रेटिंगमधून पाहिला की त्याचं खरं रूप दिसतं. सलग पट्टा नाहीच. काळ्या पार्श्वभूमीवर वेगवेगळ्या, सुरीने कापल्यासारख्या रेषा. ४३६ नॅनोमीटरवर निळी-जांभळी, ५४६ वर झगझगीत हिरवी, आणि ५७७ व ५७९ वर पिवळ्या रेषांची जोडी, एकमेकींना जवळजवळ खेटून. ही जोडी वेगळी दिसली की विद्यार्थ्याला हायसं वाटतं, कारण उपकरण नीट लागलं.

मी दुर्बिणीला डोळा लावून बसले. "आता बघ हं," मैत्रीण म्हणाली आणि तिने स्लिटपुढे द्रावण धरलं.

पिवळी जोडी गेली!

निळी आहे, हिरवी आहे, दोन्ही तशाच तेजस्वी, पण पिवळ्याच्या जागी काळोख. तिने काचपात्र काढलं, जोडी परत. धरलं, गेली. मी "परत, परत" म्हणत राहिले आणि मामांनाही बोलावून दाखवलं. डोळ्यांना जे द्रावण जवळपास रंगहीन वाटावं इतकं फिकट आहे, ते त्या दोन रेषांसाठी भिंत आहे, आणि त्यांच्यापासून तीसेक नॅनोमीटर अलीकडच्या हिरव्या रेषेसाठी उघडी खिडकी! शाई, हळद, कुंकू, आपल्या ओळखीचे सगळे रंग प्रकाशाचा ऐसपैस भाग खातात. हे मीठ निवडून खातं. पाण्यातल्या निओडिमियमचा सर्वांत जबर घास ५७५ नॅनोमीटरच्या आसपास असतो, ऐन पिवळ्यात, आणि पाऱ्याची पिवळी जोडी नेमकी त्या घासात सापडते.

मग पाऱ्याचा दिवा बाजूला करून साधा तारेचा बल्ब लावला. त्याचा वर्णपट सलग असतो, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत. त्यावर द्रावण धरल्यावर काय खाल्लं गेलं ते सावल्यांसारखं उमटलं: पिवळ्यात एक रुंद काळा पट्टा, हिरव्यात ५२१ च्या आसपास दुसरा, त्याच्या शेजारी अजून बारीक काही. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागात ७४०, ७९५ आणि ८६५ च्या आसपास अजून आहेत. अक्षरशः त्या धातूची सही! हे पट्टे दिसले की समोर निओडिमियम आहे, मग ते मिठात असो, काचेत असो की दगडात.

आता कुपीचं कोडं आपोआप सुटलं. उन्हात सगळे रंग सलग असतात. त्यातला पिवळा आणि थोडा हिरवा मिठाने गिळला की उरतात निळा आणि तांबडा, त्यांची बेरीज जांभळट-गुलाबी. तारेच्या बल्बात तांबडा जास्त, म्हणून तिथे खडे अधिकच गुलाबी. पण सीएफएलचा उजेड पांढरा दिसत असला तरी तो तीन-चार ठळक तुकड्यांनी जोडलेला असतो: निळा, ५४३ च्या आसपासचा हिरवा, ६११ च्या आसपासचा तांबडा. मिठाला जे गिळायचं ते त्या उजेडात मुळातच थोडं. हिरवा तुकडा तर पिवळ्या आणि हिरव्या पट्ट्यांच्या मधल्या फटीतून सहीसलामत सुटतो, आणि माणसाचा डोळा हिरव्याच्या बाबतीत सर्वांत तिखट. म्हणून खडे हिरवट. एलईडीच्या नळीखाली हा बदल इतका लख्ख होत नाही, कारण तिच्या पांढऱ्यात पिवळा भरपूर असतो. म्हणून तर माझ्या मैत्रिणीने जुना सीएफएल जपून ठेवला आहे.

आणि यातली सर्वांत गोड गोष्ट तर पुढेच आहे! सीएफएलमधला तो तांबडा तुकडा येतो युरोपियममधून आणि हिरवा येतो टर्बियममधून. दोघंही निओडिमियमच्याच ओळीतले, ६३ आणि ६५ क्रमांकाचे. म्हणजे एका विरल मृदेचं मीठ आपण दुसऱ्या दोन विरल मृदांच्या उजेडात पाहत होतो. एक भावंड प्रकाश देतं, दुसरं गिळतं, आणि दोघांचंही देणं-घेणं ठरावीक, अरुंद, टोकदार. असं का? एकाच घराण्यात ही टोकदार निवड का?

उत्तर अणूच्या आत आहे. निओडिमियमचा अणू तीन इलेक्ट्रॉन गमावून आयन होतो तेव्हा त्याच्याकडे तीन इलेक्ट्रॉन उरतात ते ४एफ नावाच्या कक्षेत. ही कक्षा बाहेरच्या काठावर नसते. तिच्या बाहेर ५एस आणि ५पी यांची भरलेली कवचं असतात. रंग ठरवणारे इलेक्ट्रॉन असे आत, दोन भिंतींच्या आड बसलेले. पाणी आलं, क्लोराइड आला, अल्कोहोल आलं, त्यांना बाहेरच्याची चाहूल फार थोडी लागते. तांब्याचे रंग ठरवणारे इलेक्ट्रॉन मात्र बाहेरच्या अंगाला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या धक्क्यात. म्हणून मोरचूद पाणी गेल्यावर रंग सोडतो आणि निओडिमियम सोडत नाही. म्हणूनच तांब्याचा पट्टा पसरट आणि निओडिमियमचा टोकदार.

मग रंग इतका फिकट का? कारण ४एफ मधल्या एका पातळीवरून ४एफ मधल्याच दुसऱ्या पातळीवर उडी मारायला क्वांटमच्या नियमांची परवानगीच नाही. नियम पूर्ण पाळला गेला असता तर हे मीठ रंगहीन असतं! आजूबाजूच्या अणूंमुळे नियमाला बारीकशी चीर पडते आणि थोड्या उड्या होतात. ही चीर किती, हे मोजायची रीत १९६२ मध्ये ब्रायन जड आणि जॉर्ज ऑफेल्ट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकाच वर्षी मांडली. म्हणजे मी खिडकीपाशी पाहिलेला तो हलका जांभळट रंग हा एका निषिद्ध गोष्टीचा किंचितसा घडून गेलेला भाग होता. हे ऐकलं तेव्हा मी कुपी परत हातात घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

पिवळ्यातला तो ५७५ चा पट्टा मात्र बाकीच्यांपेक्षा हळवा आहे. निओडिमियमभोवतीचे शेजारी बदलले की त्याची जागा थोडी सरकते, आकार बदलतो. भिंतीआड बसूनही त्याला बाहेरची कुजबुज ऐकू येते. रसायनशास्त्रज्ञ या हळवेपणाचा उपयोग करून घेतात: द्रावणात निओडिमियमला आता कोणी धरलं आहे, हे या एका पट्ट्याकडे बघून ओळखतात.

या सगळ्या पातळ्यांचा नकाशा कोणी काढला असेल? गेरहार्ड डीके यांनी, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. त्यांनी त्यासाठी निवडलं तेही एक क्लोराइडच, लँथेनमचं. ही निवड मला फार आवडली. लँथेनम या ओळीच्या सुरुवातीला, ५७ वं. त्याच्या आयनात ४एफ इलेक्ट्रॉन एकही नाही, म्हणून त्याचं क्लोराइड रंगहीन, निर्मळ. आणि त्याच्या स्फटिकाची बांधणी निओडिमियमच्या कोरड्या क्लोराइडसारखीच, नऊ क्लोराइडांच्या वेढ्याची. अशा स्वच्छ घरात एकेका भावंडाचे थोडे आयन पाहुणे म्हणून ठेवायचे आणि त्यांचा वर्णपट वाचायचा. स्वतःचं काही न बोलणाऱ्या यजमानामुळे पाहुण्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. १९६५ मध्ये डीके गेले. त्यांचं पुस्तक १९६८ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि सगळ्या विरल मृदा आयनांच्या पातळ्या शेजारी शेजारी दाखवणारी त्यांची आकृती आजही या विषयातल्या माणसांच्या भिंतीवर लावलेली असते. मी तिची प्रत काढून आणली आहे. निओडिमियमच्या स्तंभात कितीतरी आडव्या रेघा, एकावर एक. त्यांतली कोणती म्हणजे पिवळा पट्टा, हे आता मला बोट ठेवून दाखवता येतं!

त्याच स्तंभात लेसरही आहे. आयनाला ८०८ नॅनोमीटरचा प्रकाश दिला की तो वर चढतो, एका मधल्या पातळीवर उतरून जरा रेंगाळतो, आणि तिथून खाली येताना १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश सोडतो. १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत यॅग नावाच्या स्फटिकात निओडिमियम घालून असा लेसर तयार झाला. चांद्रयान-१ वरच्या लेसर उपकरणानेही चंद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजायला याच १०६४ च्या किरणाचे स्पंद सोडले. सभेत पडद्यावर फिरवतात त्या हिरव्या लेसरच्या पेनातही बहुधा निओडिमियमच असतं, १०६४ ची तरंगलांबी अर्धी करून ५३२ केलेलं. मी मैत्रिणीला विचारलं, मग या बीकरमधल्या द्रावणाचाच लेसर का नाही करता येत? कारण पाणी. पाण्यातल्या हायड्रोजनच्या जलद कंपनांत आयनाची ऊर्जा चटकन गळून जाते, प्रकाश सोडायची वेळच येत नाही. म्हणून १९६६ मध्ये ॲडम हेलर यांनी निओडिमियमचा द्रव लेसर केला तेव्हा हायड्रोजनचा एकही अणू नसलेला द्रव शोधून घेतला, सेलेनियम ऑक्सिक्लोराइड. चुंबकांबद्दल इथे फार लिहीत नाही. इअरफोनपासून विजेवर चालणाऱ्या गाड्यांपर्यंत निओडिमियमचं चुंबक सगळ्यांना ठाऊक झालं आहे. माझं मन या मिठाच्या रंगावर जडलं आहे.

आणि या रंगाची गोष्ट फार जुनी आहे. स्वीडनमध्ये कार्ल मोसांडर यांनी १८३९ मध्ये लँथेनम वेगळं केलं आणि १८४१ मध्ये त्यातून अजून एक नवं मूलद्रव्य काढलं, डिडिमियम. तसं सगळ्यांनी मानलं. पुस्तकांत त्याचं चिन्ह छापलं गेलं. १८५० च्या दशकात लंडनच्या जॉन हॉल ग्लॅडस्टन यांनी डिडिमियमच्या क्षारांतून आलेल्या प्रकाशात हेच काळे पट्टे पाहिले, म्हणजे बुन्सेन आणि किर्खोफ यांनी वर्णपटाचं शास्त्र उभं करायच्याही आधी. पुढे डिडिमियमवर शंका येऊ लागली. १८८२ मध्ये प्रागच्या बोहुस्लाव ब्राउनर यांनी ते एकच मूलद्रव्य नसावं असं म्हटलं. आणि १८८५ मध्ये व्हिएन्नामध्ये बुन्सेन यांचे विद्यार्थी कार्ल आउअर यांनी ते फोडून दाखवलं. अमोनियम नायट्रेटबरोबरच्या जोडक्षाराचे स्फटिक पाडायचे, ते वेगळे काढायचे, परत विरघळवायचे, परत पाडायचे, परत, परत. दोन भावंडांच्या विद्राव्यतेत केसाएवढा फरक. तो साठवत साठवत शेवटी एका टोकाला हिरवे क्षार आणि दुसऱ्या टोकाला जांभळट-गुलाबी. हिरवं प्रासिओडिमियम, जांभळट निओडिमियम.

हे आउअर आपल्याला दुसऱ्या वाटेने ओळखीचे आहेत! लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेऊन चालायच्या त्या गॅसबत्त्या, त्यांतलं ते पांढरंशुभ्र जळणारं मेंटल, ते याच माणसाचं देणं. थोरियम ऑक्साइड ९९ टक्के आणि सीरियम ऑक्साइड १ टक्का, हे त्याचं प्रमाण त्यांनी १८९१ पर्यंत बसवलं. मग जगभर थोरियमसाठी मोनाझाइट नावाच्या वाळूची मागणी सुरू झाली. १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइटचे कण सापडले. काथ्याच्या मागावर तो मनवलकुरिचीच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला आणि भारताच्या किनाऱ्यावरचा तो खजिना जगाला कळला. त्याच वाळूत निओडिमियमही आहे. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिचं मुख्यालय आपल्या मुंबईत, प्रभादेवीला, आणि पहिला कारखाना केरळात आलुव्याला. तिथे मोनाझाइटमधून जे तयार होत असे ते होतं मिश्र क्लोराइड: लँथेनम, सीरियम, प्रासिओडिमियम, निओडिमियम, सगळी भावंडं एकत्र, सगळी क्लोराइडच्या रूपात. आज ओडिशात छत्रपूरला मिश्र क्लोराइड निघतं आणि आलुव्याला त्यातून एकेक भावंड वेगळं होतं. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाला जाताना मी त्या भागातून कितीदा गेले असेन, आणि या मिठाच्या कारभाराचं घर इथे आहे याची मला गंधवार्ता नव्हती.

काचकामगारांनीही हा रंग उचलला. १९२० च्या दशकात कार्लोव्ही व्हारीच्या मोझर कारखान्यात लिओ मोझर यांनी निओडिमियम घालून काच केली. तिची फुलदाणी दिवसा फिकट जांभळी आणि ट्यूबच्या उजेडात निळसर दिसते. काच फुंकणाऱ्यांच्या चष्म्यात तर अजूनही निओडिमियम आणि प्रासिओडिमियम दोन्ही असतात, म्हणजे आउअर यांनी फोडलेलं डिडिमियमच. तापलेल्या काचेतून सोडियमचा भगभगीत पिवळा उजेड निघतो, ५८९ नॅनोमीटरचा. चष्मा तेवढाच अडवतो, आणि ज्योतीच्या आतली काच कारागिराला स्पष्ट दिसते. रात्री आकाश पाहणारे हौशी लोकही दुर्बिणीला निओडिमियमच्या काचेचा फिल्टर लावतात, रस्त्यावरच्या सोडियमच्या दिव्यांचा पिवळा धूसरपणा गाळायला. शहरात राहून तारे पाहण्यासाठी इतकी साधी युक्ती!

निघायची वेळ झाली तरी माझा पाय निघेना. कपाटात वरच्या फळीवर प्रासिओडिमियम क्लोराइडची कुपीही होती, हिरव्या खड्यांची. मी म्हटलं, "आपण डिडिमियम परत करून बघूया का गं?" तिचे डोळे चमकले. मामांनी परत काळे पडदे ओढले.

तारेच्या बल्बासमोर आधी नुसतं निओडिमियम: हिरव्यात एक पट्टा, पिवळ्यात एक. मग वेगळ्या पात्रात नुसतं प्रासिओडिमियम: निळ्या-जांभळ्यात तीन पट्टे, ४४४, ४६८ आणि ४८२ च्या आसपास, आणि पिवळ्यात एक, ५८९ ला. मग तिने निओडिमियमच्याच द्रावणात हिरव्या खड्यांची चिमूट टाकून ढवळली. आता सगळे पट्टे एकाच वेळी हजर, आणि पिवळ्यात दोघे एकमेकांना खेटून, ५७५ आणि ५८९. १८४१ पासून १८८५ पर्यंत, ४४ वर्षं, जगाने हा अख्खा संच एकाच मूलद्रव्याचा मानला होता!

"आता नीट बघ," ती म्हणाली आणि त्याच पात्रात आणखी हिरवे खडे टाकले. मी दुर्बिणीवरून डोळा हलवला नाही. निळ्यातले तिन्ही पट्टे गडद झाले. पिवळ्यातला ५८९ त्यांच्याबरोबर गडद झाला. तिने अजून टाकले, चौघेही अजून गडद झाले. ५७५ आणि हिरव्यातला ५२१ मात्र होते तसेच राहिले. "दोन आहेत!" मी अंधारातच ओरडले. "अगं, ही दोन आहेत!"